आईच्या हाकेची जागा

जुनी रेकॉर्डिंग नव्या फाईलमध्ये उतरवणारा प्रोग्रॅम त्यानंच लिहिला होता. फाईलचा एखादा तुकडा खराब निघाला, तर एरर देऊन खोळंबा करायचा नाही. त्या जागी शांतता भरून पुढं जायचं. "उगाच कटकट कशाला?" तो म्हणायचा. आईच्या आवाजातली अंगाईही त्यानं त्यातूनच काढली आणि 'पूर्ण झालं' वाचून मूळ फाईल पुसली.

आई गेल्यावर ताईनं ती लावली. शेवटी आई दोघा भावंडांना लाडानं हाक मारायची, तिथं नुसती शांतता.

"अरे बहिऱ्या, आवाज वाढव ना!" ताई त्याला म्हणाली.

"ताई, तो तुकडा खराब होता. मूळ फाईल असती तर दुरुस्त केला असता."

"मग प्रोग्रॅमनं तेव्हाच सांगितलं नाही?"

"मीच त्याला गप्प राहायला शिकवलं होतं गं."

ताईनं त्याला जवळ घेतलं आणि अंगाई पुन्हा लावली.