उमाकांतला दर होळीला ताप येतो

माझं स्वयंपाकघर आणि भाडेकरूची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. गवंड्यानं ती बांधताना विटा आडव्या लावायच्या त्या उभ्या लावल्या. तेव्हा मी त्याला पुष्कळ बोलले. पुढे त्या पातळ भिंतीचा मला फार उपयोग झाला.

कोरोना उलटला त्या साली त्या भिंतीतून एक भांडण ऐकलं. खोलीत उमाकांत राहायचा, इथं तळोद्यात एका सरकारी कचेरीत शिपाई. त्याची आई फुलवंताबाई डोंगरातून, अक्राणीच्या अंगाच्या गावाहून आली होती. दोघं त्यांच्या पावरी बोलीत बोलत होते. एवढी वर्षं बाजारात त्या लोकांजवळून महूची फुलं नि चारोळी घेतली, तेवढी पावरी मला कळते.

"मला न विचारता नवस बोललीसच कशी?" तो म्हणाला.

"तुला विचारून जन्माला घातला होता का?"

"आई, मी कचेरीतला माणूस आहे. कमरेला दुधी बांधून नाचू? अंगाला राख फासू?"

"पोराला नोकरी लागू दे, पाच होळ्या त्याला बावा करीन, असं बोलले. नोकरी लागली. आता होळीमायला काय सांगू, माझ्या पोराच्या शर्टाला इस्त्री आहे म्हणून?"

मग भांडं आपटल्याचा आवाज आला. ते भांडं माझं होतं, भाड्याबरोबर दिलेलं. पण मी मध्ये पडले नाही.

बावा म्हणजे नवसाचा गडी. डोंगरात होळी आली की तो अंगावर राखेचे पांढरे ठिपके काढतो, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेच्या पट्ट्याला घुंगरं नि वाळलेल्या दुध्या, आणि गावोगावच्या होळीपुढे नाचतो. नेम कडक. पाच दिवस अंगाला पाणी नाही, पायात वहाण नाही, बाजेवर बसायचं नाही, आणि आईनं बांधलेला कमरपट्टा ते पाच दिवस सरेपर्यंत सोडायचा नाही.

आता उमाकांत कसा होता ते सांगते, म्हणजे त्याचं दुखणं कळेल. कचेरीनं त्याला धुळ्याला दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं होतं. तिथल्या मॅडमनं सांगितलं, नोकरदाराची इमेज एरवी टिकते, ढिली पडते ती सणासुदीत. माणूस लेंग्यावर फिरतो, मोठ्यानं हसतो, नाचतो, आणि वर्षभराचं कमावलेलं चार दिवसांत घालवतो. बाकीचे शिपाई शिबिरातून पिशवी नि पाण्याची बाटली घेऊन आले. उमाकांत हे वाक्य घेऊन आला. कागदावर लिहून आरशाशेजारी चिकटवलं.

तेव्हापासून दिवाळीला फराळाला बोलावलं तरी खिशात पेन आणि पायात मोजे. चकली मोडली तर आवाज होईल म्हणून तोंडात भिजवून खायचा. मी म्हटलं, "भो, चकली शे ती, फाइल नही." त्यानं ओठ न उघडता हसून दाखवलं. कचेरीत बाहेरगावचे लोक आले की आधी त्यालाच नमस्कार करायचे. साहेब आत खुर्चीत असायचे, त्यांना तो दुसऱ्यांदा मिळायचा.

त्याला कारकून व्हायचं होतं. बारावी झालेला, अक्षर मोत्यासारखं. शिपायांतून कारकुनाच्या जागेसाठी साहेबांनी नाव लिहून वर पाठवायचं असतं. ते नाव लिहिलं जावं म्हणून हा सगळा कडकपणा. एक खुर्ची, एक टेबल, बाकी काही मागणं नव्हतं पोराचं.

आईपुढे काही चाललं नाही. मग त्यानं तोड काढली. होळीच्या आठवड्यात रजेचा अर्ज: "मला ताप येत असल्याने." आणि डोंगरात जाऊन बावा. राखेखाली चेहरा कोण ओळखतो? पहिल्या साली खपलं. दुसऱ्या, तिसऱ्या सालीही. कचेरीतले हेड क्लार्क भिकनआप्पा मला भेटले की विचारायचे, "काय हो सरलाबाई, तुमचा भाडेकरू होळीलाच कसा आजारी पडतो?" मी म्हणायचे, "हवा बदलते ना." एवढं खोटं बोलायला घरभाडं पुरतं.

चौथ्या साली नवे साहेब आले, पुण्याकडचे. त्यांना डोंगरातल्या होळीचं भारी कौतुक. बायकोला घेऊन ते जीपनं वर गेले, आणि एवढ्या शंभर बाव्यांतून उंच, ताठ उभा असलेला एकच त्यांना आवडला. त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. मोठा करून कचेरीत आपल्या खुर्चीमागे लावला.

तो खांदा उमाकांतचा होता.

तेव्हापासून रोज सकाळी तो फडक्यानं आपल्याच तोंडावरची धूळ पुसायचा. साहेब आल्यागेल्याला दाखवायचे, "बघा, काय रुबाब आहे या माणसाचा. असे लोक पाहिजेत खात्याला." आणि मग उमाकांतकडे वळून, "तू डोंगरातला ना रे? आणि होळीला घरात झोपतोस. आपल्या मातीची थोडी तरी ओढ हवी माणसाला." उमाकांत म्हणायचा, "होय साहेब." फडकं घडी घालायचा.

या साली कारकुनासाठी नावं मागवली. भिकनआप्पांनी उमाकांतचं सुचवलं. साहेब म्हणाले, "डोंगरातल्या गावांशी बोलणारा कारकून हवा मला. याला होळीचंच वावडं. शिवाय तब्येत नाजूक." दुसऱ्याचं नाव लिहिलं. त्या संध्याकाळी उमाकांत माझ्या ओट्यावर बसला आणि हे सगळं सांगून म्हणाला, "माय, आता खरं सांगितलं तर चार अर्ज खोटे ठरतात. नाही सांगितलं तर मी नाजूक ठरतो."

मी म्हटलं, "आधी जेवी ले."

दोन दिवसांनी तो पाचव्या होळीला गेला. मन ठिकाणावर नव्हतं, म्हणून कचेरीच्या कपाटाची किल्ली आप्पांकडे द्यायची राहिली. ती पिशवीत होती. फुलवंताबाईला सापडली. तिनं ती फेकली नाही की ठेवून दिली नाही. नोकरी होळीमायनं दिली, तर नोकरीच्या किल्लीनंही एकदा होळीमायपुढे नाचावं, असा तिनं विचार केला. कमरपट्ट्यात, घुंगरांच्या मधोमध, सात गाठी मारून बांधली. उमाकांतच्या ध्यानात आलं तोवर गाठी बसल्या होत्या.

इकडे तिसऱ्या दिवशी सकाळीच आप्पा माझ्या दारात. "सरलाबाई, नावांची यादी आज पाचच्या आत पोचवायची आहे. शिक्का कपाटात, किल्ली उमाकांतकडे. तापात का असेना, किल्ली दे म्हणावं त्याला."

"झोपलाय," मी म्हटलं. "उठला की धाडते."

उमाकांतच्या गावात एका चिंचेखालीच फोन लागतो. नशीब, त्याचा फोन तिथंच ठेवलेला होता, कोणीतरी उचलला नि त्याला हाक मारून दिली. मी म्हटलं, "किल्ली दे कुणाच्या हातून, जीपवाल्याजवळ."

पलीकडून आधी घुंगरं वाजली. मग तो म्हणाला, "देता येत नाही, माय. ती माझ्याबरोबरच येईल."

तीन वाजता जीप आली. तो आत बसला नव्हता, मागच्या पायरीवर उभा होता. बाज चालत नाही तर जीपची गादी कशी चालेल. अनवाणी, राखेनं पांढरा, मोरपिसं वाऱ्यावर. अख्खा बाजार बाजूला झाला. भाजीवाल्या बायकांनी हात जोडले, एकीनं पोर त्याच्या पायावर घातलं. इस्त्रीच्या शर्टाला एवढा मान तळोद्यात कधी मिळाला नव्हता.

कचेरीतलं आप्पांनी मला सांगितलं. तो थेट कपाटापाशी गेला. पट्टा सोडता येईना, म्हणून कंबर वाकवून, कुलपाला टेकवून त्यानं किल्ली फिरवली. घुंगरं वाजली, कपाट उघडलं. शिक्का काढला, शाईची पेटी काढली, दोन्ही टेबलावर सरळ रेषेत ठेवली. साहेब त्याच्याकडे बघत होते, मग मागच्या फोटोकडे, मग परत त्याच्याकडे.

"उमाकांत?"

"होय साहेब."

"तुला ताप आहे ना?"

"होय साहेब."

साहेब समोरची खुर्ची दाखवून म्हणाले, "बस." तो म्हणाला, "अजून दोन दिवस खुर्चीवर बसता येत नाही." साहेबांनी यादी पुढे ओढली, पेन उघडलं. "नाव बदलतो. तुझंच असायला हवं होतं. पण वर विचारतील, हा दरवर्षी आजारी असतो तो बावा कसा झाला? तुझे पाचही अर्ज खोटे होते असं लिहून द्यावं लागेल. देशील?"

आप्पा म्हणतात, त्याला विचार करायला एवढा वेळ लागला की कामाला आलेली दोन माणसं दारातूनच त्याला नमस्कार करून गेली.

"नको साहेब," तो म्हणाला. "कागदावर ताप आहे, तर तापच राहू द्या."

चार वर्षं होळी लपवून जी अब्रू राखली, ती कागदावरची. तिच्यासाठी त्यानं खुर्ची सोडली. मला हे कळलं तेव्हा चिमटा तापवून त्याला चटका द्यावासा वाटला.

साहेबांनी शिक्का मारला, लखोटा बंद केला. म्हणाले, "दुसऱ्या कुणाला धाडतो."

"टपालवही माझ्याकडे आहे साहेब," उमाकांत म्हणाला.

लखोटा जायचा ती वरची कचेरी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. मी ओट्यावरच होते, तिथून त्यांच्या बाबूचं टेबल दिसतं नि बोलणंही ऐकू येतं. पाचाला दहा कमी असताना तो आला, काखेत टपालवही, घुंगरं पावलागणिक वाजत. जायचं तर गुपचूप मागच्या गल्लीनं गेला असता, पण रोज पुढच्या दारानं जातो म्हणून आजही पुढच्या दारानंच. तिथल्या बाबूनं त्याला बघून हात जोडले. उमाकांतनं ज्या लखोट्यात आपलं नाव नाही तो त्याच्यासमोर ठेवला, वही उघडली, बोटानं जागा दाखवली. "इथं पोच. वेळ घाला. चार पन्नास."

बाबूकडे पेन नव्हतं. उमाकांतनं मोरपिसांत हात घातला, तिथून आपलं पेन काढलं, टोपण काढून पुढे केलं. सही झाल्यावर शाई वाळेपर्यंत थांबला, फुंकर मारली, पेन परत पिसांत खोवलं आणि वही मिटली.