प्रज्ञाचं ‘तीनदा करू’

प्रज्ञा गेल्याचं तिच्या मुलीनं, रुहीनं, फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी रडू आलं नाही, राग आला. आता पाच आठवडे झाले, तो अजून पुरता उतरलेला नाही.

इंदूरच्या एका प्रयोगशाळेत आम्ही एकाच टेबलावर पीएचडी केली. ती महूची, आजोबा फौजेतले. तिच्या काटेकोरपणाला घरचे शिस्त म्हणत, मी हट्ट म्हणायचे. माझा विषय मेथी. मातीतून आलेलं नायट्रेट वापरायला पानात एक एन्झाइम लागतं, आणि अंधार झाला की त्याचं काम मंदावतं. भर दुपारी कुंड्यांवर खोके पालथे घालून मी ते मोजलं आणि प्रबंधात लिहून टाकलं, ‘अंधारात एन्झाइम नष्ट होतं.’ फेलोशिप संपत आली होती, सर सही करायला तयार होते.

“नष्ट झालेलं तू बघितलंस?” प्रज्ञानं विचारलं.

“काम थांबलं ना! और क्या चाहिए तुला?”

“थांबलं म्हणजे संपलं असं नाही गं. दुसरं एखादं प्रोटीन त्याला धरून बसलं असेल... पालकात तसंच असतं. त्या पकडीला मॅग्नेशियम लागतं. ते काढून घे आणि बघ.”

एवढ्यावर थांबली असती तर ती प्रज्ञा कसली! माझ्यादेखत तिनं हेच सरांना सांगितलं आणि सही अडकली. आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती मात्र रोज दुपारी निमूटपणे माझी पानं खलात वाटून द्यायची. मॅग्नेशियम काढलं आणि अंधारातल्या पानांचा आकडा जवळजवळ उन्हातल्या पानांइतका वर आला. एन्झाइम शाबूत होतं, नुसतं धरून ठेवलेलं. “झालं समाधान?” मी ओरडले. तर म्हणते, “तीनदा करू.” तीनदा केलं. फेलोशिप संपली, माझे चार महिने गेले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न हाच विचारला. मी धडाधड उत्तर दिलं. मागच्या बाकावर बसलेल्या प्रज्ञाचे आभार मानायचे मात्र राहिले...

गेल्या वर्षी तिचा तपासणीचा रिपोर्ट वाईट आला. बाईसाहेबांनी तो दुसऱ्या लॅबमध्ये करून घेतला, मग तिसऱ्या. मधे कॉलेजचे पेपर तपासले. उपचाराचे दोन महिने गेले. “प्रज्ञा, हे मेथीचं पान नाही!” मी फोनवर कडाडले.

“माहीत आहे गं,” ती म्हणाली. “पण एखादा रिपोर्ट चुकतोही ना...”

तो आवाज घाबरलेल्या माणसाचा होता. मला ते कळलं, तरी मी बोलतच राहिले. त्या दोन महिन्यांनी काही फरक पडला असता का, ते डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत.

परवा इंदूरच्या अन्नपूर्णा भागात प्रज्ञाच्या घरी गेले. रुहीनं जेवायला थांबवलं आणि कपाटातून लिंबाच्या गोड लोणच्याच्या दोन बरण्या काढल्या. एकीवर चिठ्ठी ‘साखर’, दुसरीवर ‘गूळ’, आणि दोन्हींवर प्रज्ञाच्या बारीक अक्षरात, ‘पावसाळा संपेपर्यंत उघडू नये.’

“मावशी, खोल दूं क्या?” रुहीनं चमचा घेतला. “तसंही आता कोण बघतंय...”

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. अशी चिडले प्रज्ञावर!

“ठेव,” मी म्हटलं. “पाऊस संपला की मी येते. दोन्ही चाखून कुठलं सरस ते सांगू.”