लाकडाचा गळा

सदूअण्णा टांग्यातून निघाले की मागची गादीची जागा चेलोला असे आणि ते स्वतः टांगेवाल्याशेजारी अंग चोरून बसत. खड्डा आला की म्हणत, “सावकाश होगप्पा. हळू ने, मागं पोटुशी बाई बसलीय.” छातीभर उंचीचं, मोठ्या पोटाचं ते व्हायोलिनच्या जातीचं वाद्य खोळीत घातलं की खरंच तसं दिसे.

राज्यांची फेररचना होऊन हुबळी-धारवाड म्हैसूर राज्यात गेलं, त्यानंतर दोन-चार वर्षांनी मी हुबळीच्या देशपांडे नगरात दवाखाना काढला. अण्णा शेजारच्या गल्लीत राहत. एका शाळेत संगीत शिकवत, संध्याकाळी घरी मुलांना व्हायोलिन. लहानपणी ते गात असत. घशाच्या दुखण्यात आवाज गेला तो कायमचा; बोलणं तेवढं उरलं, तेही घोगरं. मुंबईत मामाकडे असताना एका गोव्याच्या मास्तरांनी त्यांच्या हाती चेलो दिला, आणि पुढं सिनेमाच्या वाद्यवृंदात त्यांनी उमेदीची वर्षं काढली.

“पडद्यावर कुणी मरायला टेकलं की आमचं काम सुरू,” ते सांगत. “इतकी मरणं वाजवली डॉक्टर, की एके दिवशी वाटलं, पुरे. आता राग वाजवावा.”

म्हणून ते परत आले. पण ज्या हुबळी-धारवाडात गल्लीगल्लीत गाणं, तिथं हे साहेबाचं वाद्य कोण ऐकणार? बैठकीत खुर्चीवर बसणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी चेलोच्या तळाची लोखंडी दांडी सुताराकडून काढून घेतली आणि मांडी घालून वाजवायला लागले. कुणी हसलं तर म्हणत, “देवानं गळा काढून घेतला, मी लाकडाचा करून घेतला. एवढंच की.”

एकदा धारवाडला सुभाष रोडजवळ एका वकिलांच्या दिवाणखान्यात त्यांची बैठक ठरली. माणसं भिडेखातर आलेली. पुढं एक वयोवृद्ध गवई बसले होते. ते कुणाची सहसा तारीफ करत नसत. अण्णांनी मारवा घेतला. हळूहळू लोकांचं पान लावणं थांबलं, खोकणं थांबलं. संपल्यावर म्हातारबुवांनी हातातलं पान तबकात परत ठेवलं. मग म्हणाले, “हाडितल्लप्पा. गायलं की रे हे.” मागे बसलेल्या सुधाअक्कांनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीनं, पदरात तोंड लपवलं. त्यानंतर बेळगाव, मिरज, पुण्याहून बोलावणी आली.

त्याच वर्षी थंडीत एका सकाळी अण्णा दवाखान्यात आले. डावी करंगळी रुमालात गुंडाळलेली.

“बोट कापलं, आणि मला कळलंच नाही. तारेवर रक्त दिसलं तेव्हा समजलं.”

मी त्यांना डोळे मिटायला सांगून करंगळीवर कापूस फिरवला, मग टाचणी टोचली. ते शांतपणे वाट पाहत राहिले. कोपराजवळ एक फिकट चट्टा होता, आणि तिथली शीर सुतळीसारखी जाड हाताला लागली. कुष्ठरोगाला तेव्हा सगळे महारोगच म्हणत. मीही तोच शब्द वापरला.

“बरा होतो?”

“होतो. गोळ्या पुष्कळ काळ घ्याव्या लागतील. पण बोटातून जे गेलं ते परत येईल, असं मी सांगणार नाही.”

अण्णा रुमालाची घडी घालत राहिले. “मग बरं काय होणार?” त्यांनी विचारलं. मी गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

मी कुणाला बोललो नाही. पण करंगळी वाकली, पाठोपाठ अनामिका, आणि गल्लीला आपोआप कळलं. शाळेनं घरी बसायला सांगितलं. शिकायला येणारी मुलं थांबली. बेळगावहून सुधाअक्कांचा भाऊ आला तेव्हा मी तिथंच होतो.

“अक्का, सामान भर. लोक काय बोलतात ते ऐकू येतं का तुला?”

त्या तांदूळ धूत होत्या. “येतं. तू जेवून जाणार असलास तर पान मांडते.”

तो पाणीही न पिता गेला.

पुढं काही वर्षांनी तपासण्या निर्दोष आल्या. रोग थांबला होता, पण तोवर डावा पंजा सगळाच बधिर झाला होता. अण्णा म्हणाले, “बोटाला नाही कळत, कानाला कळतं. कानानं वाजवीन.” दोन सरळ बोटांवर त्यांनी सगळं नव्यानं बसवलं. मी घरोघर जाऊन सांगितलं की यांच्यापासून आता कुणालाही धोका नाही, आणि धारवाडात पुन्हा एक बैठक ठरवली. म्हातारबुवा तेव्हा हयात नव्हते. जी थोडी माणसं आली ती दाराजवळ बसली. पुढची सतरंजी रिकामी राहिली.

अण्णांनी पुन्हा मारवाच घेतला. आलाप खालच्या सप्तकात होता तोवर सूर लागत होते. वर चढताना बोट घसरलं. त्यांनी पुन्हा धरलं, पुन्हा घसरलं. मग त्यांनी गज खाली ठेवला.

“इथून पुढचं मला ऐकू येतं, वाजवता येत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही घरी जा.”

चेलोवर खोळ चढली ती परत निघाली नाही. मी कधी विषय काढला तर ते हवापाण्याचं बोलत.

त्यांच्या अखेरच्या दुखण्यात छातीत कफ भरला होता. मी उशाशी बसून त्यांचा डावा हात हातात घेतला होता. कितीतरी वेळानं त्यांची नजर तिकडं गेली.

“हात धरलाय होय डॉक्टर? आत्ता बघितलं म्हणून कळलं.” मग विचारलं, “गरम आहे का तुमचा?”

“आहे अण्णा.”

त्यांनी मान हलवली आणि त्या दोन हातांकडे बघत राहिले. दुपारी ते गेले.

खांद्याला मी होतो, त्यांचा एक जुना विद्यार्थी होता आणि ते दिवाणखान्याचे वकील होते. गल्लीतली माणसं आपापल्या दारात उभी होती. चौथा कुणी पुढं होईना. सुधाअक्कांनी क्षणभर सगळ्यांकडे पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि डाव्या अंगाला खांदा लावला. कुणी त्यांना अडवलं नाही. आम्ही तिरडी उचलली.