चाकाखालचा दगड

वाशीमहून आलेल्या त्या मिस्त्रीनं आधी ट्रॅक्टर पाहिलाच नाही. त्यानं मागच्या चाकाखालचा दगड पाहिला.

"हा काहून?"

"सेल्फच घेत नाही," बाबा म्हणाले. "उतारावर लावा लागते."

आजोबांच्या वेळचा ट्रॅक्टर, सहा व्होल्टचा. रोज सकाळी बाबा सीटवर बसत, आई वाकून दगड काढी, आणि ट्रॅक्टर गडगडत सुरू होई. मागच्या आठवड्यात चाक तिच्या बोटांना घासून गेलं, तेव्हा कुठं मी मिस्त्रीला बोलावलं.

माणूस पन्नाशीचा. काढलेला प्रत्येक नट फुंकून आईच्या ताटलीत ठेवायचा. चहा दोनदा थंड झाला. डायनामो काढून त्यानं अल्टरनेटर बसवला, बारा व्होल्टची बॅटरी जोडली, दिवेही बदलले. मग आमच्याकडून ट्रॅक्टर ढकलवून सपाट अंगणात घेतला.

बाबा सीटकडे निघाले. त्यानं हात आडवा केला.

"थांबा. रोज दगड कोन काढते?"

"मी," आई म्हणाली.

"मंग सेल्फ तुमीच मारा, माय."

गिअर न्यूट्रलला आहे ना, हे त्यानं स्वतः हलवून पाहिलं. आईनं पदर खोचला, आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसली आणि बटण दाबलं. ट्रॅक्टर एका दमात सुरू झाला. इतकी वर्षं मी फक्त बॅटरीचाच विचार करत होतो.

तिसरा चहा त्यानं गरम प्यायला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी बाबांनी सवयीनं ट्रॅक्टर उतारावर नेला आणि दगड शोधू लागले. आईनं तो दुपारीच पडक्या विहिरीत टाकला होता.