तोंडी लावण्याची न्याहारी

माझी बायनाआत्या घाबरलेली मी एकदाच पाहिली. एरवी ती काठी घेऊन लांडग्याच्या मागे धावणारी बाई. पण त्या साली ती घाबरली धुळाजीमामांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, पायाच्या अंगठ्याला. अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला होता. काटा निघाला, पण दिवाळी सरली तरी जखम भरेना, उलट काळी पडत चालली. त्यातच तिच्या लक्षात आलं की मामा लघवीला बसतात तिथे मुंग्या लागतात.

आत्याचं गाव भोकरदनकडचं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि मेंढरं हाकत गोदाकाठाला यायचं, हा त्यांचा पिढीजात रिवाज. मेंढरं रात्री ज्याच्या रानात बसतील त्याच्या रानाला खत मिळतं. त्याच्या बदल्यात तो शेतकरी ज्वारी देतो, आणि सकाळची न्याहारीही त्याच्याच घरून येते, भाकरी आणि गुळाचा चहा. त्या वर्षी वाटेत दोघं जालन्याला डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी मामांची लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर उकळली. निळ्याचं विटकरी झालं. आत्या टक लावून बघत होती.

"हा साखरेचा आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या मी देतो, जखम धुऊन देतो. पण गूळ, साखर, भात बंद. भाकरी दुपारी चतकोर, सकाळी अजिबात नाही. परत जाताना पाय दाखवा. जखम भरली नसेल तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर भागेल असंही मी सांगत नाही."

मेंढरामागे चालणाऱ्या माणसाचा पाय गेला म्हणजे सगळंच गेलं. मामांना हे कळत नव्हतं असं नाही, पण सकाळची भाकरी बंद हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना. माझं सासर शहागडचं. त्यांचा तळ तिथल्या रानात पडला तशी मी रोज भेटायला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी मामांनी माझ्यापुढे गाऱ्हाणं मांडलं.

"बहात्तरच्या दुष्काळात भाकरीपायी खडी फोडली म्या. आता पोत्यानं ज्वारी मिळून राह्यली, अन् डाक्तर म्हणतो खाऊ नको. ह्यो कुठला न्याय, पोरी?"

"न्याय कोर्टात मागा," आत्या म्हणाली. "हितं हे खा."

तिनं पुढे केलं ते ताट मला अजून दिसतं. हिरवी मिरची घालून तव्यावर केलेली दोन अंड्यांची पोळी. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळणा, म्हणजे पाला बारीक चिरून मीठ, तेल आणि दाण्याचा कूट घालून कालवलेला. वाडगाभर शेळीचं ताक. मामांनी ताट फिरवून फिरवून पाहिलं.

"हे समदं तोंडी लावणं झालं. जेवण कुठाय?"

मला हसू आवरेना. आमच्याकडे जेवण म्हणजे भाकरी. बाकीचं तिच्या जोडीला, असलं तर असलं, नसलं तर मिठाबरोबर. नुसत्या तोंडी लावण्यावर कुणाचं पोट भरलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं, त्यात त्यांची काय चूक?

पण आत्याची खरी पंचाईत निराळीच होती. मालकाच्या घरची न्याहारी परत पाठवली तर त्याचा अर्थ एकच होतो: तुमच्या रानात आम्हाला बसायचं नाही. म्हणून मामा आत्याची अंडी मुकाट खायचे आणि वर मालकाचा मान राखायला त्याची भाकरीही खायचे, गुळाच्या चहासकट. वाटेतल्या प्रत्येक रानात हेच चाललं होतं. जखम भरणार कशी?

शहागडचं ते रान काकासाहेबांचं. माणूस दिलदार, पण राग नाकावर. एका सकाळी ते स्वतः फडक्यात भाकऱ्या बांधून घेऊन आले. मी चुलीपाशी बसले होते. मामांचा हात फडक्याकडे गेला आणि आत्यानं तो धरला. चारचौघांत नवऱ्याचा हात धरला! मी तर खालीच बघायला लागले.

"ही भाकर परत न्या, मालक," ती म्हणाली.

काकासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या घरची भाकर चालत न्हाई तुम्हाला? मंग उठवा मेंढरं. आत्ताच्या आत्ता!"

"न्हाई मालक, तिला काय कळतंय," म्हणत मामा गडबडून उठायला लागले. आत्यानं त्यांना दंडाला धरून खाली बसवलं, पायाची पट्टी सोडली आणि तो काळा अंगठा काकासाहेबांसमोर धरला.

"उठवते मेंढरं. पर आधी हे बघा. रोज एक मालक मानाची भाकर देतो अन् रोज हे ती खातेत. मान राखता राखता पाय चालला आमचा. तुम्हाला मान द्यायचाच आसंल तर अंडी द्या, वांगी द्या, शेंगा द्या. ज्वारी अर्धीच द्या. तेबी जमत नसंल तर रिकाम्या हातानं या. पर भाकर बिलकुल आणू नका."

बोलता बोलता तिला रडू फुटलं. आत्याला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"मेंढरं बसवायची अन् अंडी मागायची. आसलं कुठं ऐकलं न्हाई," असं पुटपुटत काकासाहेब भाकऱ्या उचलून चालते झाले. मामा डोकं धरून बसले. आत्यानं डोळे पुसले आणि सामान बांधायला घेतलं. अर्धं बिऱ्हाड घोड्यावर चढलं तेव्हा काकासाहेबांच्या घरच्या, गिरिजाबाई, लगबगीनं बांधावरून आल्या. पदरात अंडी आणि भरताची दोन मोठी वांगी.

"ह्यांनीच धाडलंय," त्या म्हणाल्या. "सवता यायला लाजून राह्यलेत. उतरवा सामान."

त्यानंतर साऱ्या गोदाकाठानं आत्या मेंढरं बसवण्याआधीच अट घालू लागली. लोकांनी टिंगल केली. "बायनाबाई, तुझी मेंढरं अंडी खातेत का?"

"खातेत तर! म्हणून तर खत जोरदार पडतंय," ती म्हणायची.

मग रोज नवी न्याहारी. कधी दही घातलेलं भरीत, कधी लसणावर परतलेल्या मेथीत फोडलेली अंडी, कधी नदीतली मासळी, कधी नुसत्या उकडलेल्या अंड्यांबरोबर दाण्याची चटणी. मामांची कुरकुर चालूच होती. पण परतीच्या वाटेवर तळ पुन्हा शहागडला पडला, तेव्हा एका सकाळी ताटाकडे बघून ते म्हणाले, "आज भरीत न्हाई केलं?" आत्या माझ्याकडे वळली आणि तोंडाला पदर लावून हसली. "जिंकले गं पोरी," ती कुजबुजली.

उन्हाळ्याच्या तोंडी ती दोघं जालन्याला थांबली. पुढे आत्यानं ते मला शंभरदा तरी सांगितलं असेल. नळीतलं औषध उकळलं तरी निळंच राहिलं, कडेला जरासं हिरवट. डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला. जखम भरून वर गुलाबी कातडी आली होती. "गोळ्या चालू ठेवा," ते म्हणाले, "आणि ही न्याहारीही." आत्यानं तिथल्या तिथे फुगडी घातली नाही एवढंच.

पुढची दिवाळी झाली आणि मेंढरं पुन्हा शहागडला आली. धुळाजीमामा सगळ्यांच्या पुढे होते, दोन्ही पायांवर, ताडताड चालत. काकासाहेब बांधावर उभे होते. मामांना पाहताच त्यांनी दोन्ही मोकळे हात वर केले आणि लांबूनच ओरडले, "धुळाजी, भाकर आणली न्हाई बघ!"

मागे गिरिजाबाई अंड्यांची टोपली घेऊन उभ्या होत्या. मामा थांबले आणि पटक्याच्या शेवानं डोळे पुसू लागले. एवढा मान त्यांना उभ्या जन्मात कुणी दिला नव्हता.