पेटीखालचे बांबू

नानासो सातपुते आमच्या चर्चच्या मंडळीचे वडील. प्रेस्बिटेरियन रीतीप्रमाणे सभासदांनी निवडून दिलेल्या कारभाऱ्याला वडील म्हणतात. आता ते वयानेही वडील झाले आहेत. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केली आणि निवृत्तीनंतर चर्चचं कुलूप, घंटा आणि म्हातारी माणसं सांभाळली. आम्ही उरलेली बहुतेक म्हातारीच. तरुण पुण्याला गेले. नाताळाला येतात, फोटो काढून परत जातात.

दोन वर्षांपूर्वी नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले. मंडळीला नवजीवन हवं, आपण समाजात गेलं पाहिजे, असं त्यांनी सभेत सांगितलं. पत्रकं वाटू, गिटार आणू, शिबिर घेऊ. नानासो मागच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. झोपलेत असं मला वाटलं, तेवढ्यात ते म्हणाले, "साहेब, गिटार आणा. पर माझी अंजना गेली तर तिची पेटी कोण उचलणार, ते आदी सांगा."

त्यांच्या बायकोच्या, अंजनाबाईंच्या, किडन्या निकामी झाल्या होत्या; डायलिसिसला कराडला न्यावं लागे. त्या पावसाळ्यातच आमच्यातल्या एका म्हाताऱ्याची शवपेटी उसाच्या ट्रॉलीतून न्यावी लागली होती. खांदा द्यायला माणसंच नव्हती. तेव्हा अंजनाबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "माझं काय बी करा. ट्रॉलीतनं नको."

सभेनंतर नानासो गावातल्या प्रत्येक मयताला जाऊ लागले. मराठ्यांचं असो, धनगरांचं असो, बोलावण्याची वाट न पाहता. तिरडीला खांदा द्यायचे, सरण रचेपर्यंत थांबायचे. आमच्यातलेच लोक टोमणे मारत, "आवं वडील, मसणवट्यात सभासद मिळत न्हाईत." नानासो नुसता खांदा चोळायचे.

घरी आले की अंजनाबाईंनी आंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं असायचं.

"आपल्याला गं कुठलं सुतक?" ते चिडून विचारत.

"सुतक नसंल. घाम तर हाय."

गेल्या फेब्रुवारीत अंजनाबाई गेल्या. मी पोहोचले तेव्हा दारात गर्दी होती. शेजारचे लालासाहेब, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार, बांबू, सुतळी आणि मडकं घेऊन तिरडी बांधायला उभे. पाळक गोंधळून माझ्याकडे बघू लागले.

"सुभेदार, आमच्यात पेटी असती," नानासो म्हणाले.

लालासाहेब ओशाळले. "मग हे बांबू माघारी न्यू?"

नानासोंनी पेटी हलवून पाहिली. स्वस्तातली पेटी, एका बाजूची कडी उचलताच निखळली. "ऱ्हाऊ द्या. पेटीखाली घालू. मडकं तेवढं न्या."

अंजनाबाई ओढ्यापलीकडच्या दफनभूमीपर्यंत खांद्यावरून गेल्या. वाटेत माणसं पुढे होत, एकमेकांना बाजूला सारून खांदा बदलत. पाळकांची पाळी आली ती थेट फाटकापाशी.

परत आल्यावर नानासो पायरीवर बसले, ते उठेनात. लालासाहेबांच्या बनुबाई न्हाणीच्या दारातून म्हणाल्या, "आवं नाना, उठा. पाणी निवतंय."

"आमच्यात सुतक नसतं, वहिनी."

"नसंल. घाम तर हाय."

इतके दिवस भिंतीपलीकडून ऐकलेलं त्या बोलून गेल्या. नानासो भिंतीला धरून उठले.

पुढच्या रविवारी उपासनेला आम्ही नेहमीचेच होतो. पाळक वरच्या कार्यालयाला पाठवायचा अहवाल लिहीत होते. त्यांनी दमलेल्या आवाजात विचारलं, "वडील, नवीन सभासद किती लिहू?"

"एक कमी झाला म्हणून लिवा," नानासो म्हणाले आणि खिडक्या लावू लागले.

माझी मुलं परदेशात. बाहेर पडताना मी नको ते विचारलंच, "नानासो, माझ्या वेळी?"

त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. "ते बांबू टाकलं न्हाईत, बाई. चर्चमागं उभं करून ठिवल्यात."