आक्काचं घर सोडून

दोन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या जावेने, आक्काने, माझं परस तिच्या शेळ्यांना खाऊ घातलं. मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पण फाटकाची तार मी स्वतः पिळून बांधली होती आणि शेळ्यांना तार सोडता येत नाही. फुलावर आलेली वांगी, मांडवावर चढू लागलेला दोडका, सगळं बुडापर्यंत खाल्लेलं. विचारलं तर आक्का म्हणाली, "वाऱ्यानं उघडलं आसंल." आणि मग आळीतल्या बायकांना ऐकू जाईल अशी, "लोणावळ्याची चिक्की ती. तिच्यानं भाजी पिकतीया व्हय?"

मी लोणावळ्यात वाढले, हे खरं. मातीत हात घालायला टाकव्यात सून म्हणून आल्यावर शिकले. त्या दिवशी मी रडले नाही. पुढच्या उन्हाळ्यात एवढं पिकवायचं, की हिच्या डोळ्यांत खुपलं पाहिजे, एवढं मनाशी ठरवलं.

पुढच्या वर्षी भोवती जाळी आली, फाटकाला कुलूप आलं. अंघोळीचं, भांड्यांचं पाणी चर काढून वाफ्यांत सोडलं. कारखान्याच्या सुट्टीला नवऱ्याने नवा मांडव घालून दिला. एप्रिल संपता संपता परस अंगावर आलं. वांगी पाटीने निघायची, टोमॅटो बादलीने. दोडके पानांआड लपून जून व्हायचे. आम्ही तीन माणसं खाऊन किती खाणार? सार झालं, चटण्या झाल्या, भरीत झालं, काकडी किसून सांडगे घातले. मुलगी ताट बघूनच तोंड फिरवू लागली. फ्रिजचं दार लागेना.

मग मी पाटी घेऊन वाटायला निघाले. आळीतल्या प्रत्येक घरी दिलं, आक्काचं घर सोडून. तिच्या ओट्यासमोर चाल मुद्दाम हळू करायची आणि शेजारच्या म्हातारीला मोठ्याने म्हणायची, "घ्या मावशी, आणखी घ्या. आमच्यात लय झालंय." आक्का तांदूळ निवडत बसलेली असायची. मान वर करायची नाही. खोटं कशाला सांगू, भाजीपेक्षा मला तेच जास्त गोड लागायचं.

मे महिन्यात तिच्याकडे माहेरचे पाहुणे न सांगता आले. भर दुपारी ती रिकामी टोपली घेऊन फाटकाशी उभी राहिली.

"चार वांगी दे गं. बाजार उद्या हाय."

"आधी सांगा आक्का, तार कुणी सोडली?"

तिने टोपली कमरेवर घेतली. तिच्या देखत मी फुटलेले टोमॅटो घमेल्यात भरले आणि शेजाऱ्यांच्या म्हशीपुढे ओतले. म्हैस खाऊ लागली. आक्का आली तशी परत गेली. पाहुण्यांना तिने पिठलं-भाकरी वाढली. हे मला मुलीनेच येऊन सांगितलं, कारण ती तिथे पंगतीला बसून आली होती. "काकीनं मला दोनदा तूप वाढलं," म्हणाली. मला मुलीचाही राग आला.

दोन दिवसांनी नळावर, सगळ्या बायकांसमोर, आक्का माझ्यापुढे हंडा ठेवून उभी राहिली. "व्हय, मीच सोडली तार. ती जागा मामंजी मला देणार हुते, शेळ्यांच्या गोठ्याला. तुजं लगीन झालं आन् तुला दिली. लय राग आला हुता मला."

वर्षभर मी हेच ऐकायची वाट पाहिली होती. मी माझा हंडा नळाखाली सरकवला. तिने माफी मागितली नाही आणि मी माफ केलंही नाही.

संध्याकाळी मी तिला पाटी नेऊन दिली. वर चार कोवळी वांगी आणि खाली सगळी जून, पिवळी पडलेली. तिने हात घालून पाहिलं. तिला कळलं. पाटी तशीच आत नेली.

सकाळी बघते तर तिने त्या जून वांग्यांचं बी काढून, धुऊन, राखेत घोळवून ओट्यावर वाळत घातलेलं. माझे पाय थांबले, तशी म्हणाली, "जागा न्हाई तर न्हाई. औंदा दारात लावीन."